एचआयव्हीच्या सरकारी गोळ्या : माहेर कर्नाटकात, कागद महाराष्ट्राचे, घ्यायच्या कुठं?

निपाणी_भाग_वाला
नमस्कार मंडळी. गावाचं नाव टाकत नाही, समजून घ्या. माझ्या ताईबद्दल विचारायचंय. तिला कागल तालुक्यात दिली होती, भावजी लाइनच्या गाडीवर ड्रायव्हर होते, ते वारले आणि त्यांच्या आजारपणातच कळलं की ताईपण पॉझिटिव्ह आहे. भाचीची टेस्ट निगेटिव्ह आली, तेवढं एक बरं झालं. तेव्हापासून ताई बॉर्डरच्या पलीकडच्या एका सरकारी सेंटरमधनं गोळ्या घेते. रोज रात्री एक गोळी, पैसे काही नाहीत, आणि तब्येत एकदम चांगली, बघून कुणाला कळणार पण नाही.

आता अडचण अशी की सासरच्यांनी तिला घरातनं काढलं आणि ती आता आमच्यात असते म्हणजे कर्नाटकात, इथं तंबाखूच्या वखारीत कामाला जाते. गोळ्यांच्या दिवशी पहाटे उठायचं, वडापनं निपाणी, तिथनं एसटी, मग तिथं लाइन, आधी कार्ड, मग डॉक्टर, मग मॅडम, मग गोळ्यांची खिडकी, घरी यायला दिवेलागण होते. त्या दिवसाचा रोज बुडतो, तिकिटाचे पैसे वेगळे, आणि मुकादम दर महिन्याला विचारतो की तुझं एवढं काय काम असतंय पलीकडं. मधे एकदा स्टॉक नाही म्हणून थोड्याच दिवसांच्या गोळ्या देऊन परत बोलावलं, मग त्याच महिन्यात दुसरा खाडा. आता ती म्हणते मला काय होतंय, बरी तर हाय, ह्या महिन्यात नाही गेले तर काय बिघडतंय. हे ऐकून मला धडकी भरली म्हणून इथं लिहितोय.

तर विचारायचं असं की तिच्या गोळ्या इकडं कर्नाटकात करून मिळतात का? आधार, रेशन कार्ड सगळं सासरच्या पत्त्यावर आहे, आणि तिथनं निराधार पेन्शन पण मिळते, पत्ता बदलला की ती जाणार. दुसरं म्हणजे आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आमचाच एक पाहुणा वॉर्डबॉय आहे, तिथं ती मरायला पण जाणार नाही म्हणते. तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देतात असं पण ऐकलं, खरं का? आणि त्या ८६५ गावांच्या योजनेत हे बसतंय का, कुणाला माहीत असेल तर सांगा.

घटप्रभा_पॅसेंजर
भावा पहिलं म्हणजे गोळी बंद करू देऊ नको तिला. बाकी कागद-बिगद मागनं बघू. आमच्या गल्लीतला एकजण असाच, बरं वाटालंय की म्हणून सोडला आणि मग टीबी घेऊनच दवाखान्यात गेला, वाचला पण लई हाल झाले.

८६५ चं म्हणशील तर ते डोक्यातनं काढ. ती महात्मा फुले जनआरोग्य योजना, २०२३ मधी महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या गावांना लागू केली म्हणून जाहीर केलं आणि मग बेंगळूरवाले चिडले, पेपरात भांडण चाललं होतं ते. ती अॅडमिट व्हायला, ऑपरेशनला. एचआयव्हीच्या गोळ्यांचा तिच्याशी काय संबंध नाही. ह्या गोळ्या दिल्लीच्या नॅकोच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेच्या, कोल्हापुरात घे न्हाईतर बेळगावात, डबा तोच.

सरळ_बोलतो
राग मानू नका पण मला हे पटत नाही. गोळ्या फुकट, तपासण्या फुकट, कर्नाटकात तर बायकांना बस पण फुकट केली. बीपी शुगरवाला माणूस महिन्याला खिशातनं घालतो, त्याला कोण विचारत नाही. आणि महिन्यातनं एक दिवस जाता येत नाही? सगळं सरकारनं घरात आणून द्यायचं का? हे टॅक्सचे पैसे आहेत.

माजी_काउन्सेलर
मी बरीच वर्षं ह्याच कामात होते, बेळगाव जिल्ह्यातच, आता सोडलंय. जरा लांबतंय, पण वाचा.

दादा, ट्रान्सफर होतं. एका राज्यातनं दुसऱ्या राज्यात पण होतं आणि त्यासाठी आधारचा पत्ता बदलायची गरज नसते. ह्या दोन गोष्टी लोक एकत्र करतात आणि घाबरून काहीच करत नाहीत, आमच्याकडं असे किती आले असतील. ताईंनी आत्ता जिथं गोळ्या चालू आहेत तिथल्या काउन्सेलरला सांगायचं की मी माहेरी राहायला गेले, मला ट्रान्सफर आऊट द्या. त्या कागद करून देतील, ताईंचं उपचाराच्या नोंदीचं हिरवं पुस्तक असेल ते बरोबर घ्यायचं, आणि नव्या सेंटरला जाऊन ट्रान्सफर इन. आता ‘सोच’ म्हणून सगळ्या देशाचं एकच सॉफ्टवेअर झालंय त्यामुळं जुन्या नंबरवर रेकॉर्ड दिसतंय, आमच्या वेळेला फोटोकॉपीचे गठ्ठे घेऊन फिरायला लागायचं. एकच सांभाळा, निघताना हातात महिन्याभराच्या तरी गोळ्या पाहिजेत. ट्रान्सफरच्या मधल्या काळातच जास्त लोक सुटतात. इकडनं नाव गेलेलं असतं, तिकडं पोचलेले नसतात, आणि दोन्हीकडच्या रजिस्टरला वाटतंय की माणूस दुसरीकडं आहे.

तीन महिन्यांच्या गोळ्यांचं खरं आहे, पण सगळ्यांना नाही. तब्येत स्थिर पाहिजे, गोळ्या चुकलेल्या नसाव्यात, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दबलेला पाहिजे. व्हायरल लोड सुरुवातीला सहा महिन्यांनी, मग बारा महिन्यांनी आणि पुढं वर्षातनं एकदा करतात, तोपण फुकट. ताईंचा शेवटचा कधी झाला आणि किती आला ते पुस्तकात बघा. चांगला असला तर स्वतः तोंडानं मागा, ‘मॅडम मी रोजावर जाते, मला तीन महिन्यांच्या द्या’. मागितल्याशिवाय देत नाहीत हा माझा अनुभव आहे, आणि ह्यात सगळा दोष स्टाफचा पण नाही, शेल्फवरच कमी असल्या तर ते सगळ्यांना थोड्या थोड्या वाटतात. २०२२ ला असंच झालं होतं, जुलैपासून दिल्लीत नॅकोच्या ऑफिससमोर पॉझिटिव्ह लोक महिन्यापेक्षा जास्त धरणं धरून बसले होते. तेव्हा बऱ्याच ठिकाणी थोड्या-थोड्या दिवसांचा डोस हातात देत होते. दिल्लीत बसणाऱ्याला वाटतंय की गोळी तर दिली, पण खेड्यातल्या बाईला तेवढे खाडे वाढले.

पाहुण्याचं म्हणाल तर जवळचंच सेंटर घेतलं पाहिजे असा नियम नाही. बेळगावला सिव्हिलमध्ये एआरटी, म्हणजे ह्या गोळ्यांचं मेन सेंटर, आहे, तिथं एवढी गर्दी असते की कोण कशाला आलंय कुणाला कळत नाही. तालुक्याच्या दवाखान्यांत लिंक सेंटर असतात, तिथं फक्त गोळ्या मिळतात आणि मोठ्या तपासणीला मेन सेंटरला जायचं. तुमच्या तालुक्यातलं नको असेल तर शेजारच्या तालुक्यातलं मागा. कुठं कुठं आहेत ते १०९७ ह्या एड्सच्या हेल्पलाइनवर फोन करून विचारा, फुकट आहे, नाव सांगायला लागत नाही.

बस बद्दल, शक्ती योजना २०२३ च्या जूनपासून आहे पण ती कर्नाटकचा पत्ता असलेल्या बायकांना, आणि राज्याच्या हद्दीतच. म्हणजे ताईंचं आधार महाराष्ट्राचं असेपर्यंत कंडक्टर तिकीट घेणार. महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे तेवढं मिळत असेल. पत्ता बदलला तर इकडची बस फुकट पण तिकडची निराधारची पेन्शन जाणार, आणि इकडचं विधवा वेतन त्यापेक्षा कमी. ती पेन्शन तिथं राहणाऱ्यांसाठी असते, त्यामुळं किती दिवस चालेल ते तलाठ्याला विचारूनच ठरवा, मी इथं ठाम सांगत नाही. रायबाग, कुडची, घटप्रभाकडचे कोणी वाचत असतील तर रेल्वेत एआरटी सेंटरला जाण्या-येण्याला सेकंड क्लासमध्ये ५० टक्के सवलत आहे, सेंटरमधनं फॉर्म भरून घ्यायचा. घेणारे फार कमी, कारण तो फॉर्म तिकिटाच्या खिडकीत दाखवायला लागतो आणि खिडकीत आपल्याच गावचा माणूस बसलेला असतो.

आणि एक, सासरच्यांनी घरातनं काढलं म्हणालात. २०१७ चा एचआयव्ही कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालाय, त्यात राहत्या घरातनं बाहेर न काढण्याचा हक्क दिलाय. ताईंना परत तिथं जायचं नसेल, ते मी समजू शकते, पण भाचीच्या वाट्याचं वगैरे बोलायची वेळ आली तर तालुक्याच्या कोर्टात मोफत कायदा मदत असते तिथं विचारा.

वाचतो_फक्त
@सरळ_बोलतो साहेब, टॅक्सचं काढलंच आहे म्हणून लिहितो. ह्या गोळ्या स्वस्त कशा झाल्या ते बघा जरा. २००० सालाच्या आसपास एका माणसाचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता. २००१ च्या फेब्रुवारीत आपल्या मुंबईच्या सिप्लानं तीन औषधांचं कॉम्बिनेशन वर्षाला ३५० डॉलरला देतो म्हणून सांगितलं, म्हणजे दिवसाला एक डॉलरपेक्षा कमी, आणि सगळ्या जगात खळबळ उडाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ३९ औषध कंपन्यांनी स्वस्त औषधांच्या कायद्यावरनं दक्षिण आफ्रिकेच्या सरकारवर घातलेली केस मागं घेतली. आता जी टीएलडी गोळी ताई घेत असतील, टेनोफोव्हीर, लॅमिव्हुडीन आणि डोल्युटेग्राव्हीर एकत्र, तिचा भाव गरीब देशांसाठी २०१७ ला वर्षाला ७५ डॉलरच्या आसपास ठरला. म्हणजे गोळीची किंमत हा प्रश्न बऱ्यापैकी सुटलाय, त्याचं श्रेय भांडणाऱ्या लोकांना आहे.

आपल्याकडं सरकारनं १ एप्रिल २००४ ला आठ हॉस्पिटलात फुकट गोळ्या चालू केल्या, महाराष्ट्र कर्नाटक दोन्ही पहिल्या यादीत होते. पण तेव्हा सीडीफोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकाराच्या पेशी, २०० च्या खाली गेल्याशिवाय गोळी मिळायची नाही, म्हणजे माणूस अंथरूण धरल्यावर. ती अट वाढत वाढत २०१७ मध्ये काढलीच, पॉझिटिव्ह आला की लगेच गोळी. एवढं करूनसुद्धा २०२३ च्या शेवटी जगात ३ कोटी ९९ लाख पॉझिटिव्हपैकी ३ कोटी ७ लाखच गोळ्यांवर होते. राहिलेले नव्वद लाखांच्या वरचे सगळे आळशी आहेत का? गोळी फुकट असून माणूस पोचत नाही हे आफ्रिकेत पण तसंच आणि आपल्याकडं पण तसंच. रोज बुडतो, लांब आहे, बाईला एकटीला सोडत नाहीत, कागद नाहीत, कोण बघेल ही भीती.

मोझांबिकमध्ये टेटे म्हणून भाग आहे, तिथं २००८ पासून एक पद्धत काढली. पाच-सहा पॉझिटिव्ह लोकांचा एक गट, आपल्या भिशीसारखा, दर महिन्याला पाळीपाळीनं एकजण दवाखान्यात जातो आणि सगळ्यांच्या गोळ्या घेऊन येतो, जाईल त्याची स्वतःची तपासणी त्या दिवशी होऊन जाते. म्हणजे प्रत्येकाला सहा महिन्यांतनं एकदा खाडा. दक्षिण आफ्रिकेत तर दवाखान्याच्या बाहेर ठरलेल्या ठिकाणी पाकीट घ्यायची सोय केली. हे करणारे देश आपल्यापेक्षा श्रीमंत होते म्हणून केलं असं नाही. आणि जाता जाता, २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेनं परदेशी मदत थांबवली तेव्हा आफ्रिकेतले दवाखाने हादरले, आपल्या गोळ्या चालू राहिल्या कारण आपला पैसा मुख्यतः केंद्राच्या बजेटमधला आहे. म्हणजे तुमच्या टॅक्समधला, तेवढं तुमचं बरोबर आहे 🙂

नाव_नको_ताई
मी स्वतः घेते म्हणून लिहिते. अथणी साइडची आहे, एवढंच सांगते.

लांब असल्याचं मला एवढं वाटत नाही जेवढं बघण्याचं वाटतंय. आमच्या भागात एचआयव्ही म्हटलं की लोकांच्या डोक्यात पहिलं सौंदत्तीचा डोंगर आणि देवाला सोडलेल्या बायका येतात, देवदासी बंदीचा कायदा १९८२ ला झाला तरी डोक्यातनं गेलं नाही, म्हणजे नवऱ्याकडनं आलेल्या बाईला पण तसलीच समजतात. त्यामुळं जवळ सेंटर झालं तर उलट लोक लांबचं धरतात, मी पण तेच केलं. दवाखान्याच्या बोळात एका बाजूला डोळ्याचा दवाखाना आणि दुसऱ्या बाजूला एआरटी, मी पहिल्यांदा डोळ्याच्या लाइनीत उभी राहायची आणि ओळखीचं कोण नाही बघून तिकडं वळायची. आता हसू येतंय.

गोळ्यांचा डबा मी तसाच ठेवत नाही, घरी आल्यावर लेबल काढून टाकते, डब्यात ती ओल शोषायची पुडी असते ती तशीच राहू दे, गोळ्या दुसऱ्या डबीत ओतू नका, ओलीनं खराब होतात. सासूला बीपीची गोळी म्हणून सांगितलंय. रोज रात्री टीव्हीवर मालिका लागली की गोळी, म्हणजे चुकत नाही. चुकली कधी तर आठवल्याबरोबर घ्यायची, दुसऱ्या दिवशी दोन एकदम नाही.

आमच्यातले बरेच ऊसतोडीला, नाहीतर वीटभट्टीला गोव्याकडं नाहीतर सांगलीकडं जातात, चार-पाच महिने घरीच नसतात. त्यांना मी सांगते की पुस्तक बरोबर घ्या, वाटेतल्या कुठल्या पण सरकारी एआरटीत दाखवलं तर ट्रान्झिट म्हणून गोळ्या देतात, ट्रान्सफर करायची गरज नाही. पण पुस्तक बरोबर न्यायलाच घाबरतात, टोळीत एका खोलीत आठ माणसं, पेटीत कोण हात घालेल सांगता येत नाही. त्याचा मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवायचा, अॅप लॉक करून, एवढं सुचवते.

आणि भाषेचं. बेळगावात सिस्टर कन्नडच बोलतात असं आमच्या इथल्या काही बायकांना वाटतंय म्हणून मिरजेकडं जातात. माझा अनुभव तसा नाही, मराठी समजतात, बोलतात पण. बोर्डावरचं कन्नड वाचता आलं नाही तर कुणाला तरी विचारायला लागतंय आणि तेच नको असतंय, खरी अडचण तेवढीच.

दादा, तुमच्या ताईला म्हणावं मुकादमाला बीपी किंवा थायरॉईड सांग. दर महिन्याला दवाखाना लागणारा आजार म्हटलं की कोण जास्त विचारत नाही. आणि तुम्ही भाऊ असून असं लिहिताय, बरं वाटलं वाचून.

सरळ_बोलतो
ठीक आहे, खाड्याचा मुद्दा मान्य. पण मग तो गटाचा प्रकार आपल्याकडं का नाही करत कुणी? बचत गट एवढे आहेत.

माजी_काउन्सेलर
@सरळ_बोलतो कारण गटात यायचं म्हणजे बाकीच्या पाचजणांना आपण पॉझिटिव्ह आहे हे सांगायचं. मोझांबिकच्या त्या भागात एवढे पेशंट होते की लपवण्यासारखं फार राहिलं नव्हतं, आपल्याकडं एका गावात दोन-तीन घरं, ती पण एकमेकांना माहीत नसतात. ज्यांची सेंटरच्या बाकावर ओळख झाली असे दोघं-तिघं आपापसात करतात, ते मी बघितलंय, सेंटरला आधी सांगून. घरचा माणूस पण पुस्तक घेऊन गेला तर पेशंट स्थिर असेल तेव्हा देतात, पण दर वेळी नाही, आणि काउन्सेलरशी आधी बोलून. हे दादा तुमच्यासाठी पण आहे, एखाद्या महिन्यात ताईंचा खाडा वाचवता येईल.

निपाणी_भाग_वाला
सगळ्यांचे आभार, एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. १०९७ ला फोन केला, कन्नड मराठी हिंदी काय पाहिजे विचारलं, दोन-तीन ठिकाणं सांगितली. ताईला हे सगळं वाचून दाखवलं, नाव_नको_ताईंचं डोळ्याच्या लाइनीचं ऐकून हसली, आणि ह्या खेपेला जाते म्हणाली, ट्रान्सफरचा कागद पण मागते म्हणाली. शेजारच्या तालुक्यातलं लिंक सेंटर तिला चालतंय. पुस्तकात व्हायरल लोडच्या ठिकाणी ‘टीएनडी’ असं लिहिलंय, हे काय असतंय? आणि आशा कार्यकर्तीनं तिला रक्त कमी म्हणून लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या दिल्यात, त्या ह्याच्याबरोबर चालतात का?

माजी_काउन्सेलर
टीएनडी म्हणजे टार्गेट नॉट डिटेक्टेड, विषाणू मशीनला सापडलाच नाही, ह्याच्यापेक्षा चांगला रिपोर्ट नसतो. तारीख बघा, वर्षाच्या आतली असली तर तीन महिन्यांच्या गोळ्या मागायला हाच कागद पुढं करा.

लोह आणि कॅल्शियम उपाशीपोटी टीएलडीबरोबर नको, गोळी अंगाला लागत नाही. जेवणाबरोबर तिन्ही घेतल्या तर चालतात, नाहीतर सोपं म्हणजे लोह-कॅल्शियम सकाळी नाश्त्याला आणि टीएलडी रात्री. अॅसिडिटीच्या पातळ औषधाचं पण असंच, टीएलडी त्याच्या दोन तास आधी नाहीतर सहा तास नंतर. नव्या सेंटरच्या डॉक्टरांना ह्या सगळ्या गोळ्या दाखवा, स्ट्रिपच घेऊन जा, नावं पाठ करत बसू नका. आणि जायच्या आधी फोन करून विचारा लिंक सेंटरचे वार कुठले, सगळीकडं रोज नसतंय.